पाचवी चिठ्ठी

२ जुलै

वन्सं,

मी खुशाल आहे, उजवा गुडघा सोडून. पत्र कशाला, फोन करायचा होता, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणता आणि माझं मुख्य सांगायचं राहून जातं. कागदावर तुम्हाला मला तोडता येत नाही. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही लावून घ्या.

आधी आनंदाची बातमी. आपल्या ठेंगीचा बास्केटबॉल खेळतानाचा फोटो पेपरात आलाय. पाच पोरी चेंडूमागे धावतायत आणि अगदी डाव्या कडेला एक कान आणि एक हात आहे, तो आपल्या ठेंगीचा. कान तर मी हजारात ओळखीन, तुमच्या भावाचा कान आहे तो. कापला, बारीक सोनेरी पट्टीत मढवला आणि आपल्या तसबिरींच्या दुकानाच्या दर्शनी भागात लावला. समोरचा चांभार म्हणाला, आजी, यात बाकीची नात कुठंय? मी म्हटलं, बाकीची पेपरात मावली नाही. सहा फूट दोन इंच आहे माझी नात, तुझ्या दुकानात तर वाकूनसुद्धा शिरणार नाही. पुन्हा चपला शिवायला लागला.

जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून यांनीच ठेंगी नाव ठेवलं होतं, आठवतं ना? आज असते तर मान वर करून हाक मारावी लागली असती.

आता मुख्य. आख्ख्या सामन्यात तिला चार मिनिटं खेळवतात. चार. मी विचारलं तर म्हणते, शिकतेय आजी. दोन वर्षं झाली, अजून काय शिकतेय? मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. एवढी उंच पोर हौसेनं घ्यायची आणि बाकावर बसवून ठेवायची, म्हणजे तिथं कोणाला तरी दुसरी कोणी हवी आहे. त्या कोचबाईवर माझा पहिला संशय. दुसरा त्यांच्या कॅप्टनवर, फोनवर फार गोड बोलते. एवढं गोड बोलायचं कारण काय, तुम्हीच सांगा.

आणि म्हणे सप्टेंबरात बैठक आहे, ठेंगीला ठेवायचं की नाही ते ठरवणार. यात ठरवायचं काय असतं? तुम्ही तिथं क्लबच्या धुलाईघरात आहात, सगळ्यांचे कपडे तुमच्या हातून जातात. जरा डोळे उघडे ठेवा आणि खरं काय ते मला कळवा. पोर तुमचीही आहे.

तुमची वहिनी

(गुडघ्याला काय लावू ते लिहा. मागच्या वेळी सांगितलेलं लावलं, उपयोग झाला नाही.)


११ जुलै

वहिनी,

पत्र मिळालं. गुडघ्याला काही लावू नका, डॉक्टरला दाखवा.

काळंबेरं काही नाही. कोचबाई सगळ्यांच्या आधी मैदानावर येते आणि ठेंगीसाठी सगळ्यांच्या नंतर जाते. कॅप्टन स्वभावानेच गोड आहे, काही माणसं असतात तशी.

ठेंगीचा खेळ चालत नाही, हे खरं कारण. तुम्हाला ऐकायला आवडणार नाही, तरी लिहिते. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभी राहणारी, संघातली सगळ्यात उंच मुलगी. समोरच्या संघाची पोर तिच्या पाठीला रेलून तिला ढकलते. सेंटरने जागा सोडायची नसते. रिंगवर आदळून चेंडू परत आला की कोपरं पसरून तो धरायचा असतो. आपली बाजूला सरते. कोपरं फासळ्यांना चिकटवून उभी राहते. कोणी तिला धडकलं तर तीच माफी मागते. पोरींनी तिचं नाव "सॉरी" ठेवलंय.

मला खेळातलं सगळं कळत नाही, पण कपड्यांतलं कळतं. सेंटरच्या जर्सीची पाठ सामन्यानंतर दुसऱ्यांच्या घामानं आणि हातांच्या डागांनी माखून येते. दोन वर्षं मी ठेंगीची जर्सी धुतेय. पाठ कोरडी येते.

बैठक १ सप्टेंबरला आहे. पाच जण चिठ्ठीवर "ठेवा" किंवा "सोडा" लिहितात, नाव लिहायचं नसतं. कोचबाई, ट्रेनर, डॉक्टर, मॅनेजर असे चार आणि पाचवी चिठ्ठी काम करणाऱ्यांपैकी कोणा एकाची. क्लब काढणारा माणूस गाड्या दुरुस्त करायचा. जे चेंडूला हात लावत नाहीत त्यांना खेळाडू जवळून दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून तेव्हापासून हा नियम. मॅनेजरने दुसऱ्या क्लबातली सव्वीस वर्षांची तयार सेंटर बघून ठेवलीय. जागा एकच आहे.

एक विचारते. तुमच्याकडे होती तेव्हा ठेंगी दिवसभर कुठे बसायची, कुठे खेळायची? आठवेल तेवढं लिहा. का विचारते ते विचारू नका.

तुमची नणंद


३० जुलै

वन्सं,

का विचारते ते विचारू नका, असं कोणी लिहिलं की माणूस दुसरं काय करणार? दहा दिवस तोच विचार करतेय. चांभारालाही विचारलं. तो म्हणाला, काहीतरी असेल. तेवढं मलाही कळतं.

तरी सांगते, माझ्याकडे लपवायला काही नाही. तिचे आईबाप लांब नोकरीला, म्हणून सातव्या वर्षापासून पोर माझ्याकडे. ती बसायची दुकानात, दुसरी जागा आहे कुठे? पुढं तसबिरी, मागं आमचं राहणं आणि मध्ये ती बोळकांडी. दोन्ही बाजूंना काचा टेकवलेल्या, एक माणूस आडवं होऊन जाईल एवढीच वाट. तिथून शाळेत जायची, तिथून यायची, तिथंच पाटावर अभ्यास. पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, बाळ, अंग चोरून चालायचं, कोपर बाहेर काढायचं नाही, कोणी समोरून आलं तर आपण सरायचं. आणि वन्सं, अभिमानानं सांगते, बारा वर्षांत त्या पोरीनं एक काच फोडली नाही. एवढी वाढली, ताडासारखी झाली, तरी मांजरासारखी जायची. तुमच्या भावानं स्वतः चाळीस वर्षांत किती फोडल्या ते मला विचारा.

झालं तुमचं उत्तर. आता माझं विचारणं.

ठेंगी दोन दिवस येऊन गेली. न्हाऊन आली तेव्हा पाहिलं, दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग. फासळ्यांवरही. विचारलं तर म्हणे पडले. पडल्यावर दोन्ही दंडांना सारखंच लागतं होय? मी धरूनच बसले. शेवटी म्हणाली, आत्याआजीनं कोणाला सांगू नको म्हटलंय. पुढं एक अक्षर नाही. तुमच्या घराण्यातली आहे, तोंड मिटलं की मिटलं.

आणि जाता जाता बोलून गेली की यंदा काम करणाऱ्यांची पाळी धुलाईघराची आहे. म्हणजे पाचवी चिठ्ठी तुमची. एवढं मोठं पत्र लिहिलंत, चारही नावं लिहिलीत आणि पाचव्याला "कोणा एकाची" म्हणालात. स्वतःला कोणी असं म्हणतं का?

आता मनात आलंय ते लिहूनच टाकते. तुम्ही सतरा वर्षांच्या होतात आणि पळायच्या शर्यतीत निवडल्या गेला होतात. धान्याच्या पिंपात बूट लपवले होतेत. मामंजींनी विचारलं आणि मी बोटानं पिंप दाखवलं. नवी सून होते, घाबरले. तुमचं जाणं राहिलं. बेचाळीस वर्षांत आपण या विषयावर बोललो नाही. आता बोलू. त्याचा हिशेब तुम्ही माझ्या नातीच्या अंगावर तर करत नाही ना?

तुमची वहिनी


६ ऑगस्ट

वहिनी,

तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

बूट मी विसरलेले नाही. विसरले असं लिहिलं तर तुम्हाला पटणार नाही आणि ते खरंही नसेल. तुम्ही बोट दाखवलंत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्हाला असं वाटतं की बेचाळीस वर्षं मी एका पोरीची वाट बघत बसले? मला दुसरी कामं होती.

डागांचं विचाराल तर खेळात लागतं. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. ठेंगीला शब्द दिलाय. तो तिनं मागितला होता, मी नाही. तिनं तुम्हाला उलटं सांगितलं असेल तर तुमची काळजी नको म्हणून सांगितलं असेल.

चिठ्ठी माझी आहे. सांगायची नसते म्हणून सांगितलं नाही. नातं आहे हे मी अध्यक्षांना पहिल्याच दिवशी कळवलं. ते म्हणाले, इथं प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहे, विचार करून लिहा म्हणजे झालं.

तुमच्या बोळकांडीबद्दल वाचलं आणि मी खुर्चीत बसले. दोन वर्षं कोचबाई डोकं फोडून घेतेय की पोर भित्री नाही, आळशी नाही, मग सरते का? ती भित्री नाहीच. तुम्ही तिला बारा वर्षं सरायला शिकवलंत आणि ती फार चांगलं शिकली. रागावू नका. काचा होत्या, तुम्ही तरी काय करणार होतात. पण हे तिच्या हाडात गेलंय, ते निघेल का आणि किती वर्षांत, मला सांगता येत नाही. तेवढा वेळ एका संघानं थांबावं का, हेही सांगता येत नाही. ती तयार सेंटर परवा येऊन गेली. चांगली खेळते. खोटं कशाला लिहू?

चिठ्ठीवर काय लिहिणार ते विचारू नका.

तुमची नणंद


१४ ऑगस्ट

वन्सं,

पत्र पावलं. मी काही विचारत नाही.

इकडे सगळं ठीक. एका लग्नाच्या मोठ्या फोटोचं काम आलंय, सदतीस माणसं आणि सगळी हसतायत, फक्त नवरी नाही. मढवताना रोज तिच्याकडे बघते. तिला कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

माझ्या नातीला मी बिघडवलं, असं तुम्ही छान शब्दांत लिहिलंत. वर रागावू नका असंही लिहिलंत. रागावले नाही.

ठेंगीच्या करारपत्राचं पाकीट कपाटात सापडलं. क्लबच्या अध्यक्षांचा पत्ता त्यावर छापलेला असतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. आज पेटीत दोन पत्रं टाकतेय. त्यातलं एक तुमचं.

गुडघा बरा आहे.

तुमची वहिनी


२ सप्टेंबर

वहिनी,

काल बैठक झाली.

सुरुवातीला अध्यक्षांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं, सगळं. धान्याच्या पिंपासकट. तुम्ही लिहिलं होतंत, धुलाईघरातल्या बाईचा घरच्यांवर जुना राग आहे, तिनं पोरीला मारल्याच्या खुणा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, तिची चिठ्ठी धरू नये. अक्षर तुमचंच होतं. खाली सहीसुद्धा पूर्ण केली होतीत.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. कोचबाई काही बोलायला गेली, मी खुणेनं नको म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, तक्रार लेखी आहे, तेव्हा ही चिठ्ठी बाजूला ठेवावी लागेल. मी उठून बाहेर आले.

चार चिठ्ठ्या पडल्या. दोन "ठेवा", दोन "सोडा". बरोबरी झाली तर "सोडा" धरायचं, असा नियम आहे.

ठेंगीला महिनाअखेरीस वसतिगृहातली खोली रिकामी करायला सांगितलंय. तिला मी सांगितलं. तुमच्या पत्राचं सांगितलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ती म्हणाली, बरं. मग माझ्याकडच्या वाळलेल्या जर्सी घड्या घालायला लागली. सगळ्या संघाच्या घातल्या.

माझ्या चिठ्ठीवर काय होतं ते कोणाला कळायचं आता कारण नाही. तुम्हालाही नाही.

तुमची नणंद


८ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र वाचायच्या आधी फाडू नका. तुमचा तो अधिकार आहे, पण आधी वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ठेंगीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मी काय लिहिलं, कोणाला लिहिलं.  ती म्हणाली, आजी, तू हे का केलंस? तिनं असं मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मग एकेक बाहेर आलं. मेपासून तुम्ही तिला रोज पहाटे वाळवणखोलीत नेता. जुनी गादी गुंडाळून दोन्ही हातांत धरता आणि साठीला टेकलेली बाई तुम्ही, त्या सहा फुटी पोरीला ढकलता. तिनं सरायचं नाही. सरली की पुन्हा. गादीच्या कडेला लाकडी पट्टी आहे ती दंडाला लागते, पट्टी काढू का म्हणून तुम्ही विचारलंत आणि ती नको म्हणाली. तुमचाही खांदा दोन महिने दुखतोय. आणि हे कोणाला सांगायचं नाही, कारण जमलं नाही तर पोरी आणखी हसतील.

मी फोन ठेवला. गिऱ्हाईक येऊन गेलं, काय बोलले आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून पहिली बस धरली. हो, मी तुमच्या क्लबात येऊन गेले. धुलाईघराच्या दारावरून गेले, आतून यंत्रांचा आवाज येत होता. आत यायचं धाडस झालं नाही. अध्यक्षांच्या खोलीबाहेर बाकावर तीन तास बसले. शिपायानं दोनदा चहा विचारला, म्हणजे मी फार वाईट दिसत असणार.

अध्यक्ष म्हणजे कोणी पांढऱ्या मिशांचा माणूस असेल असं मला वाटलं होतं. पोरगेलासा निघाला, घसा बसलेला. मी सांगितलं, माझी तक्रार खोटी होती, डोळ्यांनी पाहिलं ते खरं आणि वर लावलेलं सगळं माझं. तक्रार मागे घेते. त्यानं तसं लिहून मागितलं. त्याच्यासमोर बसून लिहिलं, खाली सही केली.

मग तो म्हणाला, तक्रार मागे घेतली तर नियमानं पाची चिठ्ठ्या पुन्हा घ्याव्या लागतील. तुम्हाला माहीत आहे का तुमच्या नणंदबाई काय लिहिणार आहेत?

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, त्यांनी "सोडा" लिहिलं तर?

मी म्हटलं, "तर त्यांनी विचार करून लिहिलेलं असेल."

वन्सं, हे मी फार शूरपणे बोलले असं समजू नका. बसमध्ये बसल्यावर पुन्हा सगळं सुरू झालं. तुम्ही एवढी मेहनत घेतली म्हणजे नक्की "ठेवा" लिहाल. पण मग तुम्हालाच सगळ्यात चांगलं माहीत असणार की ती सरते की थांबते. आणि तयार सेंटर चांगली खेळते हेही तुम्हीच लिहिलंत. मुलीला रोज ढकलून ढकलून तुम्हाला तिची दया आली असेल, सोडवावी एकदाची असं वाटलं असेल. असा माझा स्वभाव आहे, काय करू? पूर्ण रस्ताभर दोन्ही बाजूंनी विचार करून मी दमले.

पण तक्रार मागे घेतलीय आणि ती घेतलेलीच राहील. बैठक १५ तारखेला आहे. मी त्याच्याआधी फोन करणार नाही, पत्रही लिहिणार नाही.

बुटांचंही एक सांगायचं राहिलं. घाबरले म्हणून दाखवलं, असं मी मागं लिहिलं. ते निम्मं खरं. तुम्ही पळून दाखवलंत की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी ओट्याशी उभी असायचे. त्याचंही होतं थोडं.

तुमची वहिनी


१६ सप्टेंबर

वहिनी,

काल चिठ्ठ्या झाल्या. तीन "ठेवा", दोन "सोडा". ठेंगी राहिली. पुढचा एक हंगाम, दोन नाही. त्यानंतर पुन्हा चिठ्ठ्या, तेव्हा पाळी स्वयंपाकघराची असेल.

आता फार उड्या मारू नका, कारण ती अजून चांगली सेंटर झालेली नाही. परवा सरावाला ती तयार सेंटर पुन्हा आली होती, दोघींना समोरासमोर उभं केलं. ठेंगीच्या हातून तीनदा चेंडू निसटला. दोनदा ती बाजूला सरली. तिसऱ्यांदा त्या मुलीनं चांगलाच खांदा मारला, ही तिथंच राहिली आणि चेंडू हिच्या हातात आला. मग कोणालाही देता येईना इतका घट्ट धरून ठेवला, शिट्टी वाजली. कोचबाई कपाळाला हात लावून हसत होती. हे झालं हे खरं आणि एकदाच झालं हेही खरं. त्यावर एक हंगाम द्यावा की नाही, हे पाच जणांनी पाच प्रकारे बघितलं असणार.

निकाल ऐकून ठेंगी धुलाईघरात आली. मी म्हटलं, जर्सी दे. तिनं सरावाची जर्सी माझ्यासमोर टाकली. पाठ धुवायला मला ब्रश लागला.

मी काय लिहिलं ते सांगणार नाही. नाव न घालता लिहायचं असतं त्याला काही अर्थ असतो. डॉक्टर बाहेर येताना मला म्हणाले, "बाई, मी यंदा पहिल्यांदाच मत बदललं." कुठून कुठे बदललं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्हाला हे लिहू नये असं वाटत होतं, कारण तुम्ही आता यावर पंधरा दिवस काढाल. पण तुमच्यापासून पुन्हा काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

बुटांचं वाचलं. ओट्याशी तुम्ही उभ्या असायच्या हे मी पाहिलं होतं. टाळ्या तुम्हीही वाजवायचात, हात पिठाचे असायचे.

तुमची नणंद


२१ सप्टेंबर

वन्सं,

राहिली. माझी ठेंगी राहिली. पत्र वाचून मी दुकानाबाहेर येऊन चांभाराला सांगितलं, मग वाण्याला, मग एक बाई रस्ता विचारायला थांबली होती, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन, पण बसस्टॉप कुठे आहे? चांगली बाई होती.

एकच हंगाम म्हणालात, तर एक हंगाम का होईना. तीनदा निसटला, दोनदा सरली, सगळं वाचलं. मला त्यातलं शेवटचंच लक्षात राहिलंय, आजी आहे मी. चेंडू कोणाला दिला नाही हे तर फारच आवडलं, पण हे कोचबाईंना सांगू नका.

आता तुम्ही म्हणालात तेच झालं. डॉक्टरांवर माझे चार दिवस गेले. डॉक्टर आधी "सोडा" होते आणि मग "ठेवा" झाले, तर तीन झाले, मग तुमची? मग तुमची "सोडा" आली असणार. आणि डॉक्टर आधी "ठेवा" असून "सोडा" झाले असतील, तर तीन भरायला तुम्ही हव्यात आणि आणखी एक हवा, तो कोण? मॅनेजर? तो तर त्या दुसरीला घेऊन आलेला. की त्यालाही मागाहून काही वाटलं? लग्नाच्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीनं मांडत बसले. मांडून झाल्यावर माझ्याकडे चार प्रकार होते, दोनांत तुम्ही "ठेवा" लिहिलेलं होतं आणि दोनांत "सोडा".

मग पुठ्ठा उलटा करून फ्रेममध्ये घातला आणि खिळे मारले. गिऱ्हाईक येऊन घेऊनही गेलं. आता बघायचं म्हटलं तरी बघता येत नाही.

ठेंगी म्हणाली तुमचा खांदा अजून दुखतोय. चार दिवस रजा काढून इकडे या. पोरीला घेऊन या. मी मागची खोली झाडून ठेवली आहे, तुम्हाला उजेडाची सवय म्हणून खिडकीकडची गादी तुमची. बसू, बोलू, भांडायचं राहिलेलं असेल तर तेही करून घेऊ. चिठ्ठीबद्दल मी काही विचारणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलंय. दोनदा करावं लागलं, पण केलं.

आणि समजा, तुम्ही खिडकीशी बसल्या आहात, मी चहा घेऊन आले आणि माझ्या तोंडून गेलंच, तर खरं-खोटं बघू नका. "ठेवा" म्हणा.

तुमची वहिनी